मांडवी पुलावर हातांना मुंग्या आल्या तेव्हा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. म्हापशाहून पणजीला जाणारी सकाळची शटल बस, पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामामुळे आधीच रखडलेली, ती नेमकी मांडवी पुलाच्या मधोमध येऊन थांबली. आधी वाटलं उशीर होतोय म्हणून धडधडतंय, मग ओठांभोवती मुंग्या आल्या, मग बोटं आखडायला लागली, छातीवर कुणीतरी पाटा ठेवलाय असं झालं आणि डोक्यात एकच, अ‍ॅटॅक येतोय आणि ह्या ट्रॅफिकमध्ये अ‍ॅम्ब्युलन्स येणार कुठून. शेजारच्या बाईंनी "बाय, उदक जाय?" म्हणून बाटली पुढे केली, पण मला तिचं झाकण उघडता येईना. पणजीला उतरले तोवर बरंचसं ओसरलं होतं, फक्त पाय लटपटत होते आणि जोरात लघवीला लागली होती (हसू नका, पॅनिक अटॅकमध्ये तेही येतं, आणि हा तोच होता हे मला फार उशिरा कळलं).

ईसीजी काढला, नॉर्मल. थायरॉईड, हिमोग्लोबिन पण बघितलं, कारण थायरॉईड वाढलं तरी असंच धडधडतं आणि हात थरथरतात. तेही ठीक. आणि हे तपासायलाच हवं हं, पहिल्यांदा छातीत दुखलं की घरी बसून 'हे टेन्शनच' असं ठरवू नका. पण रिपोर्ट बघून मला जे ऐकवलं ते एवढंच, "काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." टेन्शन काय मी शुक्रवारच्या बाजारातून पिशवी भरून आणते?

घरी सगळे म्हणायचे, दीर्घ श्वास घे. मी घ्यायची, छाती भरभरून घ्यायची, आणि मुंग्या अजून वाढायच्या. शेवटी मानसोपचार डॉक्टरांकडे गेले (आमचे हे आधी म्हणाले, कुणाला सांगू नको) आणि तिथे पहिल्यांदा कुणीतरी नीट समजावलं. श्वास पुरत नाही असं वाटतं तेव्हा आपण खरं तर गरजेपेक्षा जास्त घेत असतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि म्हणून मुंग्या, चक्कर, आखडलेली बोटं. म्हणजे मी इतके दिवस आगीत तेलच ओतत होते. त्या म्हणाल्या, घेण्याचं सोडा, सोडण्याकडे बघा, नाकाने चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, मोठा श्वास नको. आणि रोज दहा मिनिटं करा, बरं वाटत असताना करा, नाहीतर ऐन वेळी काही सुचत नाही.

खरं सांगू, आकडे मोजायचा मला भयंकर कंटाळा यायचा. पण आमच्या वाड्यावरच्या देवळात सोमवारी बायकांचं भजन असतं, तिथे टाळ धरून बसले आणि लक्षात आलं की 'विठ्ठल' मधला शेवटचा ल लांबवायचा तर आपोआप श्वास सोडतच राहावा लागतो. तेव्हापासून घरी आकड्यांऐवजी तेच, मनातल्या मनात. बाकी मग मुठी पाच सेकंद आवळून सैल सोडणं, तोंडावर गार पाणी मारणं, ऑफिसातली तीन कप कॉफी एकावर आणणं. मनगटावरचं स्मार्ट वॉच तर काढूनच ठेवलं, दर दोन मिनिटांनी ठोके बघून ठोके वाढायचे.

एक चूक मात्र मोठी केली. पूल नकोच म्हणून पर्वरीला उतरून रिक्षाने खाली बेतीला जायचं आणि फेरीबोटीने पणजी. छान वाटायचं, वारा, पाणी. त्यात आईने तिची आठवण काढलेली, १९८६ च्या जुलैत जुना पूल पडला तेव्हा सगळे फेरीनेच जायचे म्हणे, मला तर कारणच मिळालं. दोन महिन्यांत शटल दिसली तरी पोटात गोळा यायला लागला. डॉक्टर म्हणाल्या, तुम्ही पळताय म्हणून शरीराला वाटतंय तिथे खरंच वाघ आहे. मग रविवारी, गर्दी नसताना, ह्यांच्याबरोबर पुलावरून जाऊन परत. मग एकटी. गोळ्याही चालू आहेत, त्यांचा फरक जाणवायला काही आठवडे गेले, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत हे मला दोनदा बजावलंय. रात्री फारच वाटलं तर १४४१६ वर टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लागतो, फुकट आहे, मी एकदा केलाय.

गेल्या मंगळवारी शटल परत पुलावर अडकली. मुंग्या आल्याच. सीटच्या पुढच्या दांड्याला हात लावला, गार होता, आणि खिडकीतून जे दिसेल ते मोजत बसले, एक बार्ज, पलीकडे फेरी, कॅसिनोची बोट, दुसरी बोट, आणि प्रत्येकीला एक लांब विठ्ठल. तिसऱ्या कॅसिनोपर्यंत आले आणि बस सुटली. ऑफिसात हजेरीच्या पंचिंगला अकरा मिनिटं उशीर.