माजघराचा आकडा : सहावा रविवार

भाचीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना डायलक्स, म्हणजे खोलीतल्या उजेडाचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर, शिकवतोय, त्याची ही पुढची नोंद. तिघीही आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. पहिले पाच रविवार एकच नियम पाळला: आधी कागदावर आकडा, मग बटण. टेबलाच्या बरोबर वर दीड मीटरवर 900 कँडेलाचा (एका दिशेला जाणाऱ्या उजेडाची तीव्रता) स्पॉट असेल, तर 900 भागिले अंतराचा वर्ग, म्हणजे 2.25; टेबलावर पडणारा उजेड 400 लक्स. तोच तीन मीटरवर नेला की 100. हे एकदा हातानं केलं की रेंडरच्या, म्हणजे संगणकानं काढलेल्या चित्राच्या, रंगांना माणूस भुलत नाही.

या वेळी खरी खोली घेतली. वाईतल्या ओळखीच्या वाड्याचं माजघर, चार बाय पाच मीटर, दुधी काचेचे चार नवे गोल दिवे, प्रत्येकाचा एकूण उजेड 1000 ल्युमेन. टेबलाच्या उंचीला मॉडेलनं सरासरी 81 लक्स सांगितले. रात्री खिडक्या लावून वीस ठिकाणी लक्समीटर ठेवला, तर 58.

भाची म्हणाली, "मामा, मेन्टेनन्स फॅक्टर 0.8 आहे, तो खाली आणला की जुळेल." जुळलं असतं. पण उजेडाला गुणणारा तो फॅक्टर दिवे जुने होण्याचा, धूळ बसण्याचा. परवा लावलेल्या दिव्यांना तो 1च हवा. तसं केल्यावर मॉडेल थेट 101 वर गेलं. तिघींचे चेहरे पडले, आणि मला मात्र मनापासून आनंद झाला. आता त्या खरं कारण शोधणार होत्या.

चूक परावर्तनात होती. डायलक्स आपणहून छत 70, भिंती 50 आणि जमीन 20 टक्के धरतं. इथे वर धुरानं काळवंडलेली सागवानी तक्तपोशी, भिंतींना गेरू. दुधी गोळ्याचा जवळजवळ निम्मा उजेड वर जातो आणि तक्तपोशी तो पिऊन टाकते. मुलींनी मीटर आधी भिंतीला पाठ टेकवून धरला, मग वीतभर मागे घेऊन भिंतीकडे वळवला. दुसरा आकडा भागिले पहिला. ढोबळच, पण भिंत 25 आणि तक्तपोशी 12 टक्के निघाली. हे घातल्यावर मॉडेल 63 वर उतरलं.

उरलेले पाच लक्स मुलींना खुपतायत. माझा संशय आयईएस फाइलवर आहे, म्हणजे दिवा कुठल्या दिशेला किती उजेड टाकतो ते मॉडेलला सांगणाऱ्या फाइलवर. ती नेमक्या याच दिव्याची नाही, तशाच मापाच्या दुसऱ्याची आहे.

पुढच्या रविवारी रेडियन्स या उजेडाच्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चौकातून येणारा दिवसाचा उजेड. तिथे अँबियंट बाऊन्सचा, म्हणजे भिंतींवरून उजेडाच्या किती उड्या मोजायच्या त्याचा, आकडा मुळात 0 असतो, त्यामुळे माजघर काळंच दिसेल. तो एकेक वाढवत न्यायचाय. देवळीचा कोपरा कितव्या बाऊन्सला उजळेल, हे तिघींनी आधी कागदावर लिहून ठेवायचं.