गोठलेल्या मातीतला जुना कार्बन

‘पर्माफ्रॉस्ट वितळतो आहे’ असे आपण सर्रास म्हणतो. खरे पाहता वितळतो तो मातीतला बर्फ. माती जागच्या जागी राहते, आणि तिच्यात हजारो वर्षे अडकून पडलेली मुळे, पाने व शेवाळ सूक्ष्मजीवांच्या हाती लागतात. बर्फ नाहीसा होण्याच्या दुःखात हा कुजण्याचा भाग झाकला जातो, असे मला गेले काही महिने या विषयावरचे वाचन करताना सतत जाणवत राहिले.

सलग दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राहिलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. सायबेरिया, अलास्का आणि कॅनडाच्या उत्तर भागात तिचा मोठा विस्तार आहे. तिथल्या अल्पशा उन्हाळ्यात झाडोरा फारसा वाढत नाही, पण जे वाढते ते कुजण्याचा वेग त्याहूनही मंद असतो. म्हणून दरवर्षी थोडे थोडे शिल्लक राहते, आणि आलटून पालटून गोठण्या-सुटण्यात (बर्फ वितळून माती मोकळी होणे म्हणजे सुटणे) माती घुसळली जाऊन ते खोल गाडले जाते. अशा रीतीने उत्तर गोलार्धातील पर्माफ्रॉस्ट प्रदेशाच्या मातीत १,४६० ते १,६०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन साठला आहे. आज वातावरणात असलेल्या कार्बनच्या तो जवळजवळ दुप्पट भरतो.

तापमान वाढले की उन्हाळ्यात सुटणारा वरचा थर वर्षागणिक जाड होत जातो. पुढे काय होईल हे बरेचसे पाण्यावर ठरते. पाण्याचा निचरा होऊन मातीत हवा खेळली, तर सूक्ष्मजीव कार्बन डायऑक्साइड सोडतात. पाणी साचून दलदल झाली, तर प्राणवायूविना कुजताना मिथेनही तयार होतो. मिथेनचे प्रमाण कमी असले तरी शंभर वर्षांच्या हिशेबात तो, वजनास वजन धरता, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो.

या साऱ्यात मला सर्वांत बोलका वाटलेला अभ्यास अलास्कातील हीली गावाजवळच्या एट माइल लेक परिसरातला आहे. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जमीन वेगवेगळ्या काळापासून सुटत असलेल्या जागा तिथे शेजारी-शेजारी सापडतात, त्यामुळे त्यांची तुलना करता आली. जिथे हा बदल साधारण १५ वर्षांचा होता, तिथे झाडेझुडपे जोमाने वाढली होती आणि मातीतून जाणाऱ्या कार्बनपेक्षा अधिक कार्बन ती शोषून घेत होती. तेवढ्यावर थांबणाऱ्याला दिलासा वाटला असता. पण अनेक दशके सुटत आलेल्या जागी चित्र उलटले होते: झाडोरा तिथेही वाढलेला होता, तरीही खालच्या थरांतून निघणारा जुना कार्बन त्या वाढीवर मात करत होता. बाहेर पडणारा वायू यंदाच्या पानांचा की हजारो वर्षांपूर्वीच्या मुळांचा, हे किरणोत्सारी कार्बनच्या मोजणीवरून ओळखता येते. आणि हा भेद फार महत्त्वाचा आहे. यंदाच्या पानांतला कार्बन हवेतून नुकताच आलेला असतो, तो परत गेल्याने जमाखर्चात फरक पडत नाही. जुना कार्बन मात्र हवेत भर घालतो, आणि तो पुन्हा जमिनीत साठायला पुन्हा तितकीच सहस्रके लागतील.

जिथे मातीत बर्फाचेच प्रमाण फार मोठे आहे, उदाहरणार्थ हिमयुगात साचलेल्या ‘येडोमा’ थरांत, तिथे जमीन हळूहळू सुटत नाही, ती खचते. सायबेरियाच्या याकुतिया प्रांतातील बातागाय येथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंगल तोडल्यावर सुरू झालेली घळ आज सुमारे एक किलोमीटर लांब आहे. अशा ठिकाणी कित्येक मीटर खोलीचे थर थोड्याच वर्षांत उघडे पडतात.

या साठ्याला ‘कार्बन बॉम्ब’ म्हणण्याची प्रथा मला घातक वाटते, कारण स्फोट झाला नाही की लोक निर्धास्त होतात. वैज्ञानिकांचे अंदाज दशकानुदशके चालणाऱ्या गळतीचे आहेत. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार जागतिक तापमानवाढीच्या प्रत्येक अंशामागे या शतकाअखेर पर्माफ्रॉस्टमधून कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने सुमारे १८ अब्ज टन कार्बन बाहेर पडू शकतो. अंदाजाची व्याप्ती ३ ते ४१ अब्ज टन इतकी मोठी आहे. देशांनी उत्सर्जन कपातीचे आकडे ठरवताना ही गळती आपल्या वाट्यातून वजा करायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि हिवाळा विसरून चालणार नाही. शून्याखालीही मातीच्या कणांभोवती पाण्याचा बारीक पापुद्रा द्रवरूप राहतो, त्यात सूक्ष्मजीवांचे काम चालू असते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार ऑक्टोबर ते एप्रिल या काळात या प्रदेशातून दरवर्षी सुमारे १.७ अब्ज टन कार्बन बाहेर पडतो, तर वाढीच्या हंगामात वनस्पती शोषून घेतात तो सुमारे १ अब्ज टन. अंधारात, बर्फाखाली झाडोरा निपचित पडलेला असतो त्या महिन्यांतही माती श्वास सोडत राहते.