व्हर्मिलियनची अधांतरी मस्की

पहिल्या दिवशी अकरा तास बोटीत बसलो आणि एकही मस्की, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा, गळाला लागली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेआठला लागली, ४९ इंचांची. तलाव तोच, बोट तीच, आमिषंही तीच. मधे आम्ही फक्त आमिष पाण्यात कमी खोलीवर आणलं. तुम्ही जाणार असाल तर एवढं तरी लक्षात ठेवून जा.

लेक व्हर्मिलियन हा तलाव अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात आहे. मिनिॲपोलिसहून टॉवर गावापर्यंत गाडीने साधारण चार तास लागतात. तलाव सुमारे ४०,००० एकरांचा, बेटांनी भरलेला, सर्वात खोल जागी ७६ फूट. १९८०च्या दशकात इथे मस्कीची पिल्लं सोडली, आणि आता मोठी मस्की हवी असणारे लोक मुद्दाम इथवर येतात. खडक पाण्याखाली अगदी अचानक वर येतात, त्यामुळे नकाशा भरलेलं जीपीएस नसेल तर नवख्याने अंधारात बोट हाकू नये.

मी गरवायला शिकलो ते दाभोळच्या खाडीत, काकांबरोबर. तिथे मासा कुठल्या खडकाशी येतो हे काकांना पाठ होतं. इथे आम्ही आधी तेच केलं. सकाळभर कडेचं शेवाळ, खडकांची टोकं, सगळं पालथं घातलं. पण जुलै सरता सरता मोठ्या मस्की बऱ्याचदा कडेला नसतातच. त्या भर तलावात, पन्नास-साठ फूट खोल पाण्यावर, तळापासून कितीतरी वर अधांतरी थांबलेल्या असतात.

त्या तिथे का जातात, ते सिस्को माशामुळे. हा चंदेरी, तेलकट मासा, इथले लोक त्याला टलिबी म्हणतात. त्याला गार पाणी लागतं. उन्हाळ्यात विहिरीत सूर मारला की वर कोमट आणि खाली एकदम पाय गारठवणारं पाणी लागतं ना, तसाच थर या तलावात बनतो. सिस्कोचे थवे त्या थराच्या आसपास राहतात आणि मस्की थव्याच्या वरच्या अंगाला दबा धरते. तिचे डोळे डोक्यावर, वरच्या बाजूला. वरून काही गेलं तर ती झडप घालते, खालून गेलेलं बहुतेक वेळा तिला दिसतच नाही.

फिशफाइंडरवर, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर, थवा ढगासारखा दिसतो आणि एकटा मोठा मासा कमानीसारखा. आम्हाला तो तीस फुटांवर दिसला, म्हणून पहिल्या दिवशी उरलेला सगळा वेळ आम्ही आमिष अठ्ठावीस फुटांवरून ओढत राहिलो. रात्री मुक्कामी परतल्यावर माझ्याबरोबर आलेल्या मेव्हण्याने दिवसभरातले जतन केलेले स्क्रीन पुन्हा काढून पाहिले आणि म्हणाला, "भावोजी, हे बघा, ढगाच्या वर एकेकटी कमान आहे. वीस फुटांवर." ती मस्की होती. आम्ही तिच्या पोटाखालून आमिष नेत होतो.

दुसऱ्या दिवशी दहा इंची क्रँकबेट (ओढलं की पाण्यात खाली जाणारं, माशाच्या आकाराचं कडक आमिष) बारा ते पंधरा फुटांवर ठेवले आणि बोट ताशी चार मैलांनी चालवली. उन्हाळ्यात याहून हळू ओढू नका. मिनेसोटात माणशी एकच गळ टाकता येतो, म्हणून दोघांनी आपापलं आमिष वेगवेगळ्या खोलीवर ठेवलं. थवा सापडला की तो सोडू नका. वारा त्याला सरकवतो, तुम्हीही सरका. दुपारी आम्ही त्याच एका थव्याभोवती तीन तास फिरलो. संध्याकाळी इंजिन बंद करून वाऱ्यावर बोट सोडली आणि जड रबरी आमिष लांब फेकायला लागलो.

आमिष बोटीपाशी आलं की लगेच वर काढायचं नाही. रॉडचं टोक पाण्यात बुडवून आठचा आकडा काढायचा, इंग्रजी आठ, दोन्ही वळणं रुंद. मेव्हणा दुसऱ्या वळणावर होता तेव्हा खालच्या तपकिरी पाण्यातून आधी एक फिकट रेघ वर आली, मग जबडा. पाणी फुटल्याचा आवाज मी बोटीच्या दुसऱ्या टोकाला ऐकला. रीलचा ब्रेक जरा ढिला ठेवला होता म्हणून दोरी टिकली. ऐंशी पौंडांची विणलेली दोरी आणि पुढे आमिषाजवळ जाड फ्लुरोकार्बन लीडर (न कापला जाणारा दोरीचा तुकडा), याहून कमी काही नेऊ नका, तिचे दात दोरी कापतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मासा जाळ्यात आला की जाळं पाण्यातच राहू द्या. लांब पक्कड आणि गळ तोडायचं कटर आधीच हाताशी काढून ठेवा. गळ खोल रुतला असेल तर तोडा, ओढत बसू नका. फोटोसाठी आडवी धरा, एक हात पोटाखाली, काही सेकंदच, आणि परत पाण्यात. आमची मस्की शेपटीजवळ धरून ठेवली तेव्हा तीन-चार मिनिटं नुसती कल्ले हलवत होती. मग तिने स्वतःच हात झिडकारला. वरचं पाणी ८० अंश फॅरेनहाइटला पोचलं असेल तर मस्कीसाठी गळ टाकूच नका. सोडलेला मासा अशा पाण्यात तग धरत नाही. आम्ही गेलो तेव्हा ७४ होतं. ठेवायची म्हटली तर मिनेसोटात किमान ५४ इंच लागते, पण एवढी वाढायला तिला दीड-दोन दशकं लागतात. मी तरी कधी ठेवणार नाही.

परवाना ऑनलाइन मिळतो, पण तलावाच्या आत फोनला रेंज सगळीकडे नसते, म्हणून निघण्यापूर्वी काढा.

आणि परतताना एक काम चुकवू नका. या तलावात काटेरी पाणपिसू (स्पायनी वॉटरफ्ली) हा बाहेरून आलेला, तलावातून तलावात पसरणारा बारीक जीव आहे. दोरीवर त्याचे ओल्या कापसासारखे गोळे जमतात, ते हाताने निपटून काढा. बोटीतलं सगळं पाणी काढून टाका आणि बूच उघडंच ठेवून बोट रस्त्यावर न्या, तसा कायदाच आहे. दुसऱ्या तलावात उतरण्याआधी दोरी, जाळं, दोरखंड किमान एक दिवस कडक वाळवा. आमचं जाळं अजून गॅलरीत टांगलेलं आहे.