महालक्ष्म्या, आई आणि आमचे दोन ग्रेहाउंड

रविवार, ३१ ऑगस्ट २०२५, मेलबर्न

आज महालक्ष्म्या आल्या. आईने दारापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढली आणि आमची ग्रेहाउंड कुत्री काजळ त्यांवरून सावकाश चालत गेली. मी तिला बाजूला घ्यायला धावले, तर आई म्हणाली, "राहू दे गं, तीसुद्धा घरची लक्ष्मीच." लातूरहून येताना हीच आई फोनवर विचारत होती, कुत्री घरात झोपतात म्हणजे नेमकी कुठे?

वाघ्या आणि काजळ दोघंही शर्यतीतून निवृत्त झालेले. इथे व्हिक्टोरियात अशा कुत्र्यांना घरं शोधून देणारा ग्रेहाउंड अडॉप्शन प्रोग्रॅम आहे, सगळे त्याला 'गॅप' म्हणतात. सीमोरला त्यांचं केंद्र आहे. आधी वाघ्या आला, अंगावर पट्टे म्हणून वाघ्या. मग काजळ. दोघांच्या कानांत गोंदलेली अक्षरं आहेत. आईने पहिल्या दिवशी काजळचा कान उलटा करून ती बघितली आणि बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "ही तर आपल्या कारवानीसारखीच." आजोबांच्या शेतावर कारवानी, म्हणजे आपल्याकडची शिकारी जातीची कुत्री, होती. तशीच खोल छाती, आत गेलेलं पोट, लांब तोंड. तेव्हापासून आईने 'कुत्री' म्हणणं सोडलं, नावानेच हाक मारते.

वाघ्या आला तेव्हा त्याला घर माहीतच नव्हतं. काचेचं दार म्हणजे मोकळी वाट समजून तो थेट जायचा, म्हणून मी काचेवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. वॉशिंग मशीन फिरायला लागलं की तो भिंतीला चिकटून उभा राहायचा. जिन्यापाशी तर चारही पाय जमिनीत रुतल्यासारखा थांबायचा. एकेक पाऊल हाताने उचलून पायरीवर ठेवायचं, मागून आधार द्यायचा, दोन पायऱ्या झाल्या की कोंबडीचा तुकडा. एवढ्या वेगाचं जनावर आणि पायरीला घाबरतं, हे बघून मला भरून यायचं. ज्या आयुष्यात जिना नव्हता, गादी नव्हती, खिडकी नव्हती, तिथून तो आमच्याकडे आला होता.

झोपेचं सगळ्यात जास्त शिकावं लागलं, आम्हालाच. ग्रेहाउंड डोळे अर्धवट उघडे ठेवूनही गाढ झोपतात. झोपेत अंगाला हात लागला तर दचकून गुरगुरतात, कारण केनेलमध्ये, म्हणजे शर्यतीची कुत्री ठेवायच्या खुराड्यात, झोपल्यावर अंगाला कोणी शिवत नसतं. म्हणून आमच्याकडे नियम आहे: आधी नावाने हाक, डोळ्यांत ओळख दिसली की मग हात. उद्या जेवायला येणाऱ्या पोरांना मी हे दारातच सांगणार आहे. दिवसातले सोळा-सतरा तास झोपणारं हे कुत्रं आहे. सुरुवातीला वाघ्या अंगाची मुटकुळी करून झोपायचा. आता पाठीवर, पाय वर, मान वाकडी, पोट उघडं. त्याला असं झोपलेलं बघायला मी काम टाकून उभी राहते. या घरात मला काही मिळवायचं असेल तर ते हेच होतं.

गणपती बसले त्या संध्याकाळी आरतीला झांजा वाजल्या आणि वाघ्या थरथरायला लागला. दुसऱ्या दिवशी आईनेच झांजा डब्यात ठेवल्या. "टाळ्यांनी देव येत नाही का?" म्हणाली. आता आरती टाळ्यांवर होते आणि वाघ्या दाराशी उभा राहून ऐकतो.

पंचखाद्यातले बेदाणे मात्र मी काढून टाकले. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि काजळचं नाक ओट्यावर सहज पोचतं.

वाघ्याचा उजवा मागचा पाय थंडीत आखडतो. ट्रॅकवर कुत्री घड्याळाच्या उलट दिशेने धावतात, वळणावर उजव्या मागच्या पायावर सगळा भार येतो आणि तिथलं घोट्याचं हाड मोडतं. त्याचंही असंच मोडलं. अंगावर चरबी नाही, केस आखूड, म्हणून सकाळी फिरायला जाताना दोघांना कोट लागतात. मान डोक्यापेक्षा जाड, त्यामुळे साधा पट्टा निसटतो, ओढला की आवळणारा मार्टिंगेल लागतो. २०१९ पासून पाळीव ग्रेहाउंडना इथे मुसकं घालावं लागत नाही, साखळी मात्र बाहेर लागतेच, आणि ती हवीच. ससा दिसला तर काही ढांगांत तासाला साठ-पासष्ट किलोमीटरचा वेग, आणि मग हाक कानावर पडत नाही.

ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त असतात, त्यामुळे रक्तदानासाठी पशुवैद्य त्यांना आवर्जून बोलावतात. मार्चमध्ये वाघ्याने रक्त दिलं. कोण्या कुत्र्याला ते चढलं असेल, मला माहीत नाही, पण त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटला.

शर्यत यांना आवडते, असं म्हणणारे भेटतात. धावणं आवडतं, हे मला मागच्या गवतावर रोज दिसतं. दोन फेऱ्या, आणि मग आपण होऊन थांबणं. पण आठ कुत्र्यांच्या गर्दीत त्या वळणावर जायचं, हे वाघ्याने ठरवलं नव्हतं. चार-पाच वर्षांचं झालं की शर्यत संपते आणि ग्रेहाउंड बारा-तेरा वर्षं जगू शकतो. उरलेल्या आयुष्याचं काय, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. कॅनबेरात २०१८ मध्ये शर्यती बंद झाल्या. न्यूझीलंडने गेल्या डिसेंबरमध्ये बंदीचा निर्णय जाहीर केला, टास्मानियाने याच महिन्यात २०२९ ची मुदत सांगितली. व्हिक्टोरियात अजून चालू आहेत. माझ्या मते इथेही त्या बंद व्हाव्यात.

रात्री पुरण शिजवताना मी नवऱ्याला म्हणाले, तिसरा कुत्रा काही आठवडे सांभाळायला आणूया का, कायमचं घर मिळेपर्यंत? मागची खोली रिकामीच आहे. त्याच्या आधी आईच बोलली, "आण की. जिना मी शिकवते." ती नोव्हेंबरपर्यंत इथे आहे. बुधवारी सीमोरला फोन करायचं ठरलं.