पाळण्यातले नाव

माझे पाळण्यातले नाव आजोबांचे आहे. माझ्या जन्माच्या आदल्याच वर्षी ते गेले होते, त्यामुळे मुलगा झाल्यावर दुसऱ्या कुठल्या नावाचा विषयही निघाला नाही. अडचण एवढीच होती, की ते नाव तोंडाने घेऊ शकेल असे घरात कोणी नव्हते. आजी नवऱ्याचे नाव घेणार नव्हती, आई सासऱ्यांचे घेणार नव्हती, आणि आपल्याच वडिलांच्या नावाला 'अरे' लावून हाक मारणे वडिलांच्या जिवावर येई. बाराव्या दिवशी आत्याने 'कुर्रर्र' करून ते माझ्या कानात सांगितले, आणि सांगता सांगता तिला रडू आवरले नाही म्हणतात. त्यानंतर ते नाव जणू कानातच राहिले आणि मी सर्वांचा बापू झालो. (या लेखातही ते लिहायला हात धजावत नाही; वळण पडले ते पडले.) पहिलीत गुरुजींनी हजेरी घेताना ते तीनदा पुकारले, तेव्हा कोण गैरहजर आहे हे पाहायला मीही मागे वळलो होतो.

ही रीत जुनीच आहे. बाळाजी विश्वनाथ पेशवे 1720 मध्ये वारले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बाजीरावांना मुलगा झाला, त्याचे नाव पुन्हा बाळाजीच ठेवले गेले. पण आपण सगळे त्याला ओळखतो ते नानासाहेब म्हणून. साताऱ्याच्या शाहू महाराजांचे मूळ नावही आजोबांचेच, म्हणजे शिवाजी. नाव थोरल्यांचे ठेवायचे आणि हाक मात्र दुसऱ्याच नावाने मारायची, ही तडजोड आमच्या वाड्यापुरती नव्हती.

या नावाचा मला झालेला फायदा मात्र भरघोस होता. एकदा पावसाळ्यासाठी राखून ठेवलेली सांडग्यांची बरणी माझ्या हातून फुटली, आणि आईने पाठीत घालण्यासाठी हात उचलला, तोच माजघरातून आजीचा आवाज आला, "अगं, त्यांच्यावर हात टाकतेस?" त्या 'त्यांच्यावर'पुढे आईचा हात तसाच हवेत राहिला. मग तो पदराला पुसून ती मुकाट्याने काचा वेचायला बसली. त्या वेळी मला मोठी गंमत वाटली होती. सासू आणि सासऱ्यांच्या नावाचा मुलगा यांच्या कात्रीत ती किती वर्षे सापडली होती, हे कळायला मला स्वतःला मुले व्हावी लागली.

माझ्या मुलाचे नाव माझ्या पत्नीने निवडले. नातवाच्या वेळी तर यादी फोनवरून फिरली, मते मागवली गेली, आणि मी कुठलेही नाव सुचवले नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम महाराष्ट्रात सक्तीचा झाला आहे, आणि आमचे चिरंजीव त्यानंतरचे. आजोबा नावातून गेले आणि आई नावात आली, यात मला गैर काही दिसत नाही. नऊ महिने पोटात वाढवायचे तिने आणि नावात मिरवायचे आम्ही, हा व्यवहार तसाही फार काळ चालण्याजोगा नव्हता. तरीही बारशाला माझी मुलगी पाळण्यावर वाकली, तेव्हा माझे कान उगाचच टवकारले गेले, हे कबूल करायला हवे. ठरलेल्या नावानंतर तिने बाळाच्या कानात आणखी काहीतरी पुटपुटले. काय, म्हणून विचारले, तर म्हणाली, "ते सांगत नसतात, बाबा."

परवा रात्री बाराच्या सुमारास बाळ काही केल्या झोपत नव्हते. पलीकडच्या खोलीत सूनबाई तासभर येरझारा घालत होती, आणि शेवटी तिचा संयम सुटला.

"बापू, पुरे झालं हं आता! गपचूप झोपायचं!"

मी वाचत पडलो होतो. हातातले मासिक मिटले आणि मुकाट्याने दिवा मालवला.