खडा शोधला, गाठ सापडली

ऐन कापूस वेचणीत मामांना मुतखड्याची कळ आली. दारव्ह्याहून रात्रीच यवतमाळला नेलं. सीटी स्कॅनमध्ये खडा दिसलाच, पण रिपोर्टच्या शेवटी आणखी एक ओळ: उजव्या फुप्फुसाच्या तळाशी ४ मिलिमीटरची गाठ. (पोटाच्या स्कॅनमध्ये फुप्फुसाचा तळही येतोच.) 'गाठ' ऐकून मामी जेवेनात. मामा मात्र, "मले तं काई दुखत नाई ना बाप्पा!"

डॉक्टर म्हणाले, ६ मिलिमीटरपेक्षा लहान गाठ बहुतेकदा निरुपद्रवी असते, अनेकदा जुन्या संसर्गाचा व्रण. बिडी न ओढणाऱ्याला सहसा पुन्हा स्कॅनही लागत नाही. मामा ओढतात. म्हणून वर्षभरानं एकदा बघायचं. डिस्चार्ज कार्डावर मात्र त्या गाठीचा उल्लेखच नव्हता; तो मी हट्टानं लिहून घेतला.