जमवायचे

मंगळवार, रात्र

काल छोटीने विचारलं, "मावशी, तू अजून पोस्टाची तिकिटं जमवतेस?" आणि मी म्हणाले, "जमवायचे."

एवढंच. ती लगेच दुसऱ्या कशात तरी रमली, मीही हातातलं काम संपवलं. पण ते 'जमवायचे' कालपासून पायात मोडलेल्या कुसळासारखं सलतंय. चालता येतं, पण प्रत्येक पावलाला कळतं की आहे.

मी लहानपणी झाडावर चढायचे. आम्ही पूर्वी त्या घरात राहायचो. ही अशी क्रियापदं संपलेल्या गोष्टींची असतात. आणि तिकिटं संपली, असं मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. अल्बम कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात आहेत. चिमटा ड्रॉवरमध्ये आहे. भिंग तर रोज हातात असतं, औषधांवरची बारीक अक्षरं वाचायला. मग ते एवढं सहज तोंडातून कसं आलं? जराही न अडखळता. जणू आत कुठेतरी हे आधीच ठरून गेलं होतं आणि मला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

शेवटचं तिकीट अल्बममध्ये कधी लावलं, तेही आठवत नाही. याचंच जास्त वाईट वाटतंय. भांडून सोडलेलं माणूस तारीख-वारासकट लक्षात राहतं. हे तसं सुटलं नाही. आज नको, रविवारी बघू, असं करत करत किती रविवार गेले कोण जाणे.

नऊ वर्षांची होते तेव्हा दादाने त्याचं स्टॉकबुक, तिकिटं खोचून ठेवायची वही, मला दिलं. त्याला कंटाळा आला होता. (त्याचा कंटाळा मला तेव्हा किती अगम्य वाटला होता!) त्यातली माझी लाडकी तिकिटं अजमानची. अजमान, फुजैरा, शारजा, आखातातल्या छोट्या अमिराती. हाताच्या चार बोटांएवढी मोठी, चकचकीत, वाघ, फुलपाखरं, अंतराळयानं. शिक्का कसा अगदी कोपऱ्यात, चित्राला धक्का न लावता मारलेला. मला वाटायचं, तिथले पोस्टमन फार हळुवार हाताचे असणार. चित्र खराब होऊ नये म्हणून जपून जपून कोपऱ्यात शिक्का मारणारे. त्या पोस्टमनांवर माझं प्रेम होतं. दुसरा शब्द नाही.

चौदा-पंधराव्या वर्षी कळलं की असं काही नव्हतं. तेव्हाचं अजमान म्हणजे काही हजार वस्तीचं गाव, आणि तिकिटांच्या मालिकांमागून मालिका. ती मुळात पत्रांसाठी नव्हतीच, जमवणाऱ्यांसाठी होती. तिकिटांच्या अख्ख्या तावाला छापखान्यातच शिक्के मारायचे. चार तिकिटं मिळतात त्या बिंदूवर एक शिक्का, की चौघांच्याही कोपऱ्यात पाव-पाव गोल. मागचा डिंक जसाच्या तसा. पत्रावर चिकटलेलंच नाही, तर जाणार कुठे? मी तेव्हा एकेक तिकीट उलटं करून पाहिलं होतं. सगळ्यांच्या पाठीवर डिंक चमकत होता.

त्या दिवशी मी अजमानचं पान काढून मागे टाकलं आणि ठरवलं की आता 'खरं' जमवायचं. कॅटलॉग आला. तिकिटाच्या कडेचे दाते मोजायची पट्टी आली. दोन सेंटिमीटरांत किती छिद्रं, बारा की साडेबारा, यावरून तिकीट वेगळं ठरतं हे कळलं, आणि मी वेड्यासारखी मोजत सुटले. ते वेड मला अजूनही चांगलं वाटतं. पहिलं तिकीट, १८४० चं पेनी ब्लॅक, त्याला दातेच नव्हते, कात्रीने कापून वेगळं करावं लागे. एका तावात २४० तिकिटं, आणि खालच्या दोन कोपऱ्यांतल्या अक्षरांवरून ते कुठल्या ओळीत कितवं होतं हे आजही सांगता येतं. तिकिटाला स्वतःची जागा माहीत असते! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा झोप आली नव्हती. हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, मॅग्यार म्हणजे हंगेरी, सुओमी म्हणजे फिनलंड, आणि ज्यावर देशाचं नावच नाही, नुसतं राजा-राणीचं मस्तक आहे ते ब्रिटनचं. जगाचा नकाशा मी असा शिकले, शाळेत नाही.

मग बिघडलं कुठे?

आज खूप वेळ त्यावरच घालवला. एक कारण त्या छापील अल्बमचं आहे. प्रत्येक तिकिटासाठी आधीच छापलेली चौकट, आत करड्या शाईत त्याचं फिकट चित्र. तोवर माझी साधी कोरी पानं होती. त्यांवर माझ्याजवळ जे होतं तेच दिसायचं. या नव्या पानांवर नसलेलं आधी दिसायला लागलं. नॉर्वेचं ते शिंगाच्या चित्राचं तिकीट १८७२ पासून चालत आलंय, आकडे बदलतात, छपाई बदलते, शिंग तेच. त्या पानावर माझ्याकडे वीस-बावीस होती. पूर्वी मी म्हटलं असतं, बघा, एवढी! आता पान उघडलं की रिकाम्या चौकटीच अंगावर यायच्या. जमवणं राहिलं बाजूला, मी भरणा करत होते.

दुसरं कारण 'मिंट'. कुणीतरी डोक्यात भरवलं की कोरंच घ्यावं, डिंकाला बोटसुद्धा न लागलेलं, हिंज, म्हणजे अल्बममध्ये डकवायची कागदी पट्टी, न लावलेलं. वापरलेली तिकिटं मी एका पत्र्याच्या डब्यात कोंबली. मग हळूहळू संच थेट घरबसल्या मागवता येऊ लागले. तीन बोटं हलवली की अख्खी मालिका दारात. ती चिमट्याने उचलायची, काळ्या पट्टीच्या खिशात सरकवायची, पान मिटायचं. आजवर कुणाच्या जिभेला न लागलेलं, कुठेही न गेलेलं तिकीट. आज हे लिहिताना लख्ख दिसतंय की मी फिरून अजमानलाच येऊन पोचले होते. ज्या तिकिटांना 'खोटी' म्हणून पान फाडलं, तसलीच घेत होते. फक्त शिक्का नसलेली.

तिसरंही कारण आहे. दर पंधरा दिवसांनी येणारं ते पाकीट यायचं थांबलं. माझी तिकडे, तिकडची इकडे, बरोबर दोन ओळींची चिठ्ठी. त्याबद्दल आज नको.

सांगायचं काय, तर मला फार एकटं वाटत होतं आज दुपारपर्यंत. वाटत होतं की आवड ही माणसाची ओळख असते, आणि माझी कधी गळून पडली ते मला कळलंसुद्धा नाही, तर मी उरले कोण? इतरांना असतात छंद, माझं तर ते घरच होतं आतलं. चाळीस वर्षं गेली आणि हाती एक भूतकाळाचं क्रियापद.

दुपारी छोटी स्टूल घेऊन आली. "काढ ना ते." तिला वरचा कप्पा दिसतो, तिच्यापासून काही लपत नाही. अल्बम काढले. छापील चौकटींची पानं तिने भराभरा उलटली, दोन मिनिटांत. तिला काही विचारावंसंच वाटलं नाही. मग स्टॉकबुक. अजमानचं फाडलेलं पान मागच्या खिशात घडी करून ठेवलेलं, ते तिने उलगडलं आणि थांबली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "मावशी, यांचा शिक्का सगळ्यांचा कोपऱ्यातच कसा? आणि पूर्ण गोल कुणाचाच का नाही?"

मला हे कळायला पाच-सहा वर्षं लागली होती आणि कुणीतरी सांगावं लागलं होतं. तिने पाहिलं आणि पकडलं.

मी तिला चार तिकिटं जवळजवळ ठेवून दाखवली. चार पाव गोल मिळून एक गोल झाला. ती किंचाळली आनंदाने. फसवणूक वगैरे काही तिच्या मनातच आलं नाही. तिला कोडं सुटल्याचा आनंद होता. मग मागची बाजू, डिंक, अमिराती, १९७१ मध्ये ते सगळे एकत्र कसे आले, मग ही तिकिटं कशी थांबली. मी बोलत होते, ती विचारत होती. दिवे लावायची वेळ झाली तेव्हा लक्षात आलं की तासभर मी सगळं वर्तमानात बोलतेय. "आपण आधी कडा बघतो." "शिक्का पूर्ण असेल तर आपण तो जपतो."

आपण. मी हा शब्द कुठून आणला?

मग पत्र्याचा डबा उघडला. कागदाला चिकटलेली कितीतरी तिकिटं तशीच होती, सोडवायची राहिलेली. बशीत कोमट पाणी घेतलं. तिकिटाभोवती बोटभर कागद ठेवून कापायला तिला शिकवलं, म्हणजे कात्री दात्यांना लागत नाही. रंगीत पाकिटाचे तुकडे बाजूला, ते पाण्याला रंग सोडतात आणि शेजाऱ्याला डागाळतात. मग चित्र वर करून पाण्यावर सोडायचं आणि हात मागे घ्यायचा. हेच तिला जमेना. दर मिनिटाला चिमटा पुढे. "ओढायचं नाही. ते स्वतःहून सुटतं." वीसेक मिनिटांनी पहिलं तिकीट सरकलं. कागद तिथेच, आणि ते एका बाजूने हलकेच निसटून पाण्यात एकटं तरंगायला लागलं. मागचा डिंक बोटाला बुळबुळीत लागला. मी तो अंगठ्याने हळूच पुसला आणि तिकीट टिपकागदावर पालथं ठेवलं. माझ्या हाताला सगळं येत होतं. डोक्याने सोडलं असेल, हाताने नव्हतं सोडलं.

शिक्क्यावर अर्धं गाव आणि पूर्ण तारीख होती. कुणीतरी त्या दिवशी कुणालातरी काही लिहिलं होतं.

लगेच मी पूर्वीसारखी झाले, असं नाही. तो तेव्हाचा झोप उडवणारा आनंद परत येणार नाही, आणि आज पहिल्यांदा मला त्याचं तितकंसं वाईट वाटलं नाही. नॉर्वेचं पान मी पुरं करणार नाही. हे ठरवलं आणि खांद्यावरचं काहीतरी उतरलं. जी शिंगं आहेत ती कोऱ्या पानावर लावीन, माझ्या मनाने, जवळजवळ किंवा लांब लांब.

छोटी झोपल्यावर डब्याच्या तळाशी एक सापडलं. पेनी लायलॅक. ब्रिटनचं, १८८१ साली निघालेलं, अब्जावधींनी छापलेलं, अगदी साधं तिकीट. जांभळट, डावीकडे बघणारी राणी. आणि तिच्या चेहऱ्यावरून तिरकी गेलेली शाईची सही, खाली '९३'. हे टपालालाही चालायचं आणि पावतीलाही, त्यामुळे कितीतरींवर अशा सह्या आहेत. कॅटलॉगच्या लेखी हा दोष. 'मिंट'च्या दिवसांत मीही याला दोष म्हणूनच डब्यात टाकलं असणार. आज भिंगाखाली ती सही बघत बसले. शेवटचं अक्षर लांब ओढलंय, घाईत असल्यासारखं. पैसे मिळाले, असं कुणीतरी १८९३ मध्ये कबूल केलंय आणि त्या माणसाचा हात इथे माझ्या टेबलावर आहे.

याला पाण्यात घालता येत नाही. रंग मुद्दाम कच्चा वापरलेला, सही धुऊन कुणी तिकीट परत वापरू नये म्हणून. धुवायला गेलं की राणीच फिकट होते. म्हणून ते कागदासकट ठेवायचं.

याच्या प्रत्येक कोपऱ्यात ठिपके असतात. पहिल्या छपाईत १४, आणि पाचएक महिन्यांतच बदलून १६. चौदावालं कमी सापडतं. सालावरून माझं सोळाचंच असणार, तरी मोजले. दिव्याच्या उजेडात, श्वास धरून. पंधरा आले. पंधरा असूच शकत नाहीत. पुन्हा मोजले, एक ठिपका सहीच्या शाईखाली दडला होता.

सोळा.

बारा वाजून गेलेत. छोटी अजून आठवडाभर आहे. हे तिकीट आणि भिंग तिच्या उशाशी ठेवून आलेय. किती ठिपके ते तिला सांगणार नाही, आणि शाईखाली एक आहे हेही नाही.